अनोळखी माणसाला कर्ज देताना

नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांतले कामगार भिशी लावतात, तेव्हा या महिन्याची रक्कम कोण उचलणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. पीअर-टू-पीअर, म्हणजेच पी-टू-पी कर्जात हीच ओळख नसते. नाशिकमधल्या एखाद्याचे पैसे मोबाइलवरून भलत्याच गावातल्या कर्जदाराला जातात आणि मधली कंपनी फक्त दोघांची गाठ घालून देते. बँकेत ठेव ठेवली, तर ती परत करण्याची जबाबदारी बँकेची. शिवाय 5 लाखांपर्यंत ठेव विमाही असतो. इथे पैसे परत करायचे आहेत त्या अनोळखी माणसाने. त्याने बुडवले, तर नुकसान सगळं आपलं.

ही पद्धत 2005 मध्ये ब्रिटनमध्ये ‘झोपा’ या कंपनीने सुरू केली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने तिला ऑक्टोबर 2017 मध्ये नियमांत बसवलं. कर्जदार अर्ज करतो, कंपनी त्याची ओळख, उत्पन्न आणि जुन्या कर्जांची नोंद तपासून व्याजदर सुचवते. कोणाला पैसे द्यायचे हे मात्र देणाऱ्याने स्वतः मंजूर करावं लागतं. पैसे कंपनीच्या खात्यात जात नाहीत. ते विश्वस्ताच्या देखरेखीखालच्या एस्क्रो खात्यातून पुढे जातात, हप्तेही तशाच वेगळ्या खात्यातून परत येतात. रोखीचा व्यवहार चालत नाही. कर्ज बिनतारणी, मुदत जास्तीत जास्त 36 महिने. एक देणारा एका कर्जदाराला 50,000 रुपयांपेक्षा जास्त देऊ शकत नाही. सगळे प्लॅटफॉर्म मिळून देणाऱ्याची मर्यादा 50 लाख, घेणाऱ्याची 10 लाख.

आता हिशेब, कारण जाहिरातीतला आकडा इथेच फसवतो. समजा, 1 लाख रुपये शंभर जणांना हजार-हजार असे वाटले. व्याज 18 टक्के, मुदत 12 महिने. हजाराचा मासिक हप्ता सुमारे 92 रुपये येतो. प्रत्येक हप्त्यात थोडं मुद्दल परत येतं, म्हणून वर्षाचं व्याज 180 नव्हे, साधारण 100 रुपयेच मिळतं. सगळ्यांनी फेडलं, तर हाती 1,10,000. पाच जणांनी एकही हप्ता भरला नाही, तर सुमारे 1,04,500. दहा जणांनी बुडवलं, तर आपला लाखही पुरता परत येत नाही. त्यातून कंपनीचं शुल्क वजा होतं आणि मिळालेल्या व्याजावर उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे आयकर लागतो. शंभर जणांत वाटल्याने एका माणसाचा धक्का हलका होतो, पण धंदे बसले, नोकऱ्या गेल्या, की बरेच जण एकदमच थकतात.

‘हवे तेव्हा पैसे काढा, ठरलेला परतावा मिळवा’ अशा थाटात काही ॲप हे विकत होती. एकाने असे पैसे काढले, की त्याचं कर्ज खरं तर दुसऱ्या देणाऱ्याच्या गळ्यात जायचं. रिझर्व्ह बँकेने 16 ऑगस्ट 2024 रोजी ते थांबवलं, आणि मला वाटतं, हे फार आधी व्हायला हवं होतं. आता कंपनीला परताव्याची हमी देता येत नाही, बुडीत रक्कम भरूनही देता येत नाही. त्यामुळे हप्ते येतील तसेच पैसे सुटतात. दिवाळीनंतरच्या लग्नासाठी किंवा मुलाच्या फीसाठी राखलेली रक्कम यात घालू नये.

2014 च्या केबीसी गुंतवणूक घोटाळ्याने पोळलेल्या नाशिककरांना हमीच्या भाषेचा अर्थ वेगळा सांगायला नको. कंपनीचं नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील पी-टू-पी नोंदणीच्या यादीत शोधावं. सापडलं नाही, तर एक रुपयाही पाठवू नये. सापडलं, तर तिने जाहीर केलेला थकबाकीचा आणि बुडालेल्या रकमेचा तपशील वाचावा.

कर्ज घेणाऱ्याने व्याजासोबत प्रक्रिया शुल्क धरून एकूण किती फेडावं लागेल ते काढावं आणि आधी कारखान्यातल्या कर्मचारी पतपेढीचा दर विचारावा. पी-टू-पीचा थकलेला हप्ताही क्रेडिट ब्युरोकडे नोंदला जातो. पुढे घरासाठी बँकेत गेल्यावर तीच नोंद समोर येते.