परळमध्ये सापडलेला रक्तगट आणि पेशीतल्या पायऱ्या



जूनमध्ये ओळखपत्रांचे फॉर्म भरून येतात. त्यात 'रक्तगट' हा रकाना असतो, आणि त्या रकान्यावरून दरवर्षी एखादा तरी पालक हळूच विचारतो, "बाई, आमच्या दोघांचे गट हे असे, मग मुलाचा हा कसा?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे कधीकधी घरातला संशय असतो. म्हणून या लेखात रक्तगट कसा 'तयार होतो' ते पाहू. तयार होतो असंच म्हणायचं, कारण रक्तगट ही पेशीने पायरीपायरीने केलेली एक वस्तू आहे.

आधी नेहमीची गोष्ट. आई 'ए', बाबा 'बी' आणि मूल 'ओ' असं अगदी सहज होऊ शकतं. प्रत्येकाकडे रक्तगटाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात. आईकडे ए आणि ओ, बाबांकडे बी आणि ओ अशा प्रती असतील, आणि मुलाकडे दोघांकडून 'ओ' आली, की मूल 'ओ'. बहुतेक पालकांची शंका इथेच मिटते. पण समजा आई 'ओ', बाबा 'ए' आणि मूल 'एबी' निघालं तर? आपल्या पाठातल्या तक्त्यात हे बसत नाही. 'बी' आलं कुठून? अशा वेळी लोक काय बोलतात ते तुम्हाला सांगायला नको.

याचं एक उत्तर आपल्याच भागात सापडलेलं आहे. भायखळ्याहून स्लो लोकल पकडली की चिंचपोकळी, करी रोड आणि तिसरं स्टेशन परळ. तिथल्या केईएम रुग्णालयाच्या आवारात सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आहे. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेल्या तीन माणसांच्या अजब रक्ताबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. हे रक्त तपासणीत 'ओ' वाटायचं, पण 'ओ' गटाच्या रक्ताशीसुद्धा जुळायचं नाही! पुढे या गटाला 'बॉम्बे' हेच नाव पडलं. शहराचं नाव मुंबई झालं, गटाचं मात्र बदललं नाही.

आता हे का होतं ते समजून घेऊ. पेशीत एखादा पदार्थ एका फटक्यात बनत नाही. एक पदार्थ बदलून दुसरा होतो, दुसऱ्याचा तिसरा. प्रत्येक पायरीवर एक विकर म्हणजे एन्झाइम काम करतं, आणि ते विकर बनवण्याची कृती एका जनुकात लिहिलेली असते. अशा पायऱ्यांच्या रांगेला जैवरासायनिक मार्ग म्हणतात. शब्द जड आहे, पण लालबाग-परळच्या मुलांना तो चटकन समजतो, कारण कुणाचे तरी आजोबा गिरणीत होते. गिरणीत आधी कापूस पिंजायचा, मग सूत कातायचं, मग साच्यांवर कापड विणायचं. सूत कातायचं खातं बंद पडलं, तर साचेखात्यातला कामगार वेळेवर हजर असून, साचा धडधाकट असून कापड निघणार नाही. त्याच्या हातात सूतच येत नाही.

रक्तगटाचंही तसंच आहे. लोहित रक्तकणिकेच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. (साखर म्हणजे चहातली नव्हे. शर्करा या कुळातले रेणू.) पहिल्या पायरीवर एक विकर या साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची शर्करा जोडतं. जे तयार होतं त्याला 'एच' म्हणतात. दुसऱ्या पायरीवर, ज्यांच्याकडे 'ए'चं जनुक आहे त्यांचं विकर या 'एच'वर एक शर्करा बसवतं, 'बी'वाल्यांचं विकर वेगळी शर्करा बसवतं. 'एबी'वाल्यांकडे दोन्ही विकरं असतात. 'ओ'वाल्यांचं दुसऱ्या पायरीचं विकर काम करत नाही, म्हणून त्यांच्या कणिकांवर 'एच' तसाच मोकळा राहतो. म्हणजे 'ओ' हा शून्य नाही, हे मुलांना मुद्दाम सांगा. 'ओ' रक्तात 'एच' सगळ्यांत जास्त असतो.

बॉम्बे गटाच्या माणसात पहिलीच पायरी बंद असते. 'एच' बनत नाही. मग त्याच्याकडे 'ए' किंवा 'बी'चं विकर असलं तरी ते बसवणार कशावर? ही दोन जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असतात. 'एच'चं एकोणिसाव्या, आणि ए-बी-ओचं नवव्या. त्यामुळे एक बंद आणि दुसरं चालू असं होऊ शकतं.

आता वरच्या आईकडे परत या. तिच्याकडे 'बी'चं जनुक आहे, पण 'एच' नसल्यामुळे ते दिसत नाही, आणि तपासणीत ती 'ओ' ठरते. मुलाला तिच्याकडून 'बी' मिळालं, बाबांकडून 'ए' आणि 'एच'ची चालू प्रतही मिळाली. मुलात पहिली पायरी सुरू झाली आणि आईचं लपलेलं 'बी' उघड झालं. मूल तिचंच, त्याच बाबांचं. अर्थात, तक्त्यात न बसणारा प्रत्येक रिपोर्ट बॉम्बे गटाचा नसतो. नोंद चुकणं हे त्याहून खूप जास्त वेळा घडतं, म्हणून आधी दोघांची तपासणी पुन्हा करून घ्यायला सांगा.

बॉम्बे गट असायला आई आणि वडील दोघांकडूनही 'एच'ची बंद प्रत यावी लागते. आपल्याकडे हे साधारण दहा हजारांत एकाच्या बाबतीत होतं, युरोपात दहा लाखांत एखाद्याच्या. नात्यात लग्नं होणाऱ्या कुटुंबांत शक्यता वाढते, कारण दोघांकडे एकाच पूर्वजाकडून आलेली तीच बंद प्रत असू शकते.

एवढं सगळं रंजक आहे, पण खरी अडचण दवाखान्यात येते. ज्याच्या शरीरात 'एच' नाही, त्याच्या रक्तद्रवात 'एच'च्या विरुद्ध प्रतिपिंडं असतात. अशा माणसाला 'ओ' समजून 'ओ' रक्त चढवलं, तर ती प्रतिपिंडं आलेल्या कणिकांवर तुटून पडतात आणि जिवावर बेतू शकतं. 'ओ म्हणजे सर्वांना चालणारं रक्त' हे वाक्य आपण वर्गात फार बिनधास्त सांगतो. निदान वरच्या वर्गांत त्याला 'बॉम्बे गट सोडून' अशी शेपटी जोडावी, असं माझं मत आहे. नेहमीच्या तपासणीत फक्त अँटी-ए आणि अँटी-बीचे थेंब टाकतात, दोन्हींत कणिकांचे पुंजके होत नाहीत, म्हणून कार्डावर 'ओ' लिहिलं जातं. (पुंजके म्हणा, गुठळ्या नको. मुलं जखमेवरच्या गुठळीशी घोळ करतात.) अँटी-एचचा थेंब टाकला, किंवा त्या माणसाचा रक्तद्रव 'ओ' कणिकांशी मिसळून पाहिला, की फरक कळतो. रक्त देण्याआधी रक्तपेढी दात्याचं आणि रुग्णाचं रक्त एकमेकांशी जुळवून पाहते, तिथेही हे पकडलं जातं.

वर्गात करायला एक सोपा खेळ आहे. पाच-सहा कागदी पट्ट्या म्हणजे साखळ्या. एक मूल 'एच विकर', त्याने प्रत्येक पट्टीच्या टोकाला यू-पिन लावायची. पुढचं मूल 'ए विकर', तिसरं 'बी विकर', त्यांनी आपापल्या रंगाचं कार्ड फक्त यू-पिनमध्येच अडकवायचं, दुसरीकडे कुठेही नाही. दोन फेऱ्या झाल्या की 'एच'वाल्या मुलाला खाली बसवा आणि नव्या पट्ट्या द्या. 'ए' आणि 'बी' हातात कार्डं घेऊन उभे राहतात आणि वर्ग ओरडतो, "बाई, लावायला जागाच नाही!" नेमकं हेच आपल्याला शिकवायचं असतं. सातवीपासून पुढे हा खेळ छान जमतो. त्याखाली फक्त पायऱ्यांची कल्पना पोचली तरी पुरे.

हाच खेळ वापरून रंगहीनता म्हणजे अल्बिनिझमही समजावता येतो. त्वचेला आणि केसांना रंग देणारं मेलॅनिन टायरोसीनपासून पायऱ्यांनी बनतं, त्यातली एखादी पायरी अडली की रंग तयार होत नाही. वर्गात असं मूल असेल तर त्याच्याकडे बोट न दाखवता हा मुद्दा आला तर बरं.

पालकांसाठी दोन कामाच्या गोष्टी. रक्तगटाचा रकाना ऐकीव माहितीवर भरू नका, रिपोर्ट पाहून भरा. आणि घरात कुणाचा बॉम्बे गट निघाला, तर सख्ख्या भावंडांची तपासणी नक्की करून घ्या. आईवडील दोघांकडे एकेक बंद प्रत असेल, तर प्रत्येक भावंडात हाच गट असण्याची शक्यता चारात एक असते, आणि गरज पडली तर चालणारं रक्त फक्त बॉम्बे गटाचंच असतं. लाल कणिकांची पिशवी थंड ठेवूनही साधारण बेचाळीस दिवसच टिकते, त्यामुळे साठवणुकीपेक्षा दात्यांच्या यादीवरच भिस्त असते. त्या यादीत नाव द्यायचं असेल तर आपल्या रक्तपेढीत विचारा. परळलाच केईएमच्या आवारात रक्तविकारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे. रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून तिची सुरुवात 1957 साली झाली.