शोकाकुल मित्रास अप्रिय वचन

तापीकाठच्या सारंगखेड्यास मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. जातिवंत घोड्यास इशारा पुरतो, हे तेथे येणाऱ्यांस सांगावे लागत नाही. अंगुत्तर निकायातील पतोदसुत्तात भगवान बुद्धांनी असेच चार जातिवंत घोडे वर्णिले आहेत. पहिला पराणीची सावली पाहूनच सावध होतो; दुसरा ती केसांस लागल्यावर, तिसरा कातडीत शिरल्यावर आणि चौथा हाडास भिडल्यावर. माणसांचेही तसेच आहे. कोणी परक्याच्या मृत्यूची वार्ता ऐकून जागा होतो, कोणी मृत्यू प्रत्यक्ष पाहून, कोणी आप्त गेल्यावर, तर कोणी स्वतःच्या देहास तीव्र वेदना झाल्यावर.

शोकाकुल मित्र तिसऱ्या स्थानी असतो. पराणी त्याच्या कातडीत शिरलेलीच आहे. त्याच दिवशी त्यास अनित्यतेचा पाठ ऐकविणे म्हणजे ती अधिक खोल रुतविणे होय.

मग मौनच पाळावे काय? उत्तरकार्यासाठी कर्ज काढू पाहणाऱ्या मित्रास सावध न करणे, हीही मैत्री नव्हे. मज्झिम निकायातील अभयराजकुमारसुत्तानुसार सत्य व हितकर, परंतु अप्रिय वचन तथागत योग्य वेळ जाणूनच उच्चारतात. मृत बालकासाठी औषध मागणाऱ्या किसा गोतमीस त्यांनी उपदेश केला नाही. ज्या घरी कोणी मेले नाही, तेथून मोहरी आणावयास सांगितले. दारोदार फिरताना सत्य तिला स्वतःच उमगले.

म्हणून प्रथम मित्राजवळ बसावे, त्याचे ऐकावे. कठोर वचन अटळच असेल, तर ते एकांतात, थोडक्यात व मैत्रीचित्ताने सांगावे.