पाण्याखालचा कायदा (भाग ११) : टाकीच्या खांद्यावरची अक्षरं

बोटीचं प्रकरण आज संपवायचं कबूल केलं होतं. २४ मे २०२२ला तारकर्लीत स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले, तिथे मागच्या वेळी आपण थांबलो. आता बोटीचा परवाना कुणाकडून, तांडेल कसा असावा, जॅकेटं किती, हे यायचं होतं. ते पुढच्या वेळी. मध्येच एक पत्र आलंय, आणि तेही आमच्या खडकीतून.

पत्र लिहिणारे काका दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. अक्षर छापल्यासारखं आणि मजकूर चारच ओळींचा: ‘सातव्या भागात आपण म्हटलंत की पाणबुड्याच्या पाठीवरची हवेची टाकी स्फोटकांच्या कायद्यात येते. आम्ही जन्मभर स्फोटकं हाताळली. हवा हे स्फोटक नव्हे. छपाईची चूक असावी. दुरुस्ती छापावी.’

काका, चूक नाही. पण त्या भागात मी ते एका वाक्यात उरकलं होतं, आणि खडकीत स्फोटकांबद्दल एका वाक्यात काही उरकू नये हे मला कळायला हवं होतं. इथला दारूगोळा कारखाना १८६९चा. इथल्या घराघरात कुणीतरी ‘फॅक्टरी’त असतं किंवा होतं.

तर झालं असं. स्फोटकांचा कायदा १८८४चा. त्याच्या सतराव्या कलमाने सरकारला एक मोठी मुभा दिली आहे: एखादी वस्तू तिच्या गुणधर्मामुळे किंवा ती बनवण्याच्या रीतीमुळे धोक्याची वाटली, तर सरकारने अधिसूचना काढून तिला ‘स्फोटक’ ठरवावं. सप्टेंबर १९३८मध्ये अशी एक अधिसूचना निघाली. धातूच्या भांड्यात दाबून किंवा द्रवरूपात भरलेला वायू हा स्फोटक मानला जाईल, असं तिने ठरवलं. वायू कोणता, तो पेटतो की नाही, हा प्रश्नच नाही. दाबला आणि धातूत कोंडला की झालं. त्यापाठोपाठ १९४०मध्ये गॅस सिलिंडरचे नियम आले, मग १९८१चे, २००४चे आणि आता चालू आहेत ते २०१६चे. हे नियम राबवणारं खातं म्हणजे पेसो, पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना. तिचं मुख्यालय आहे नागपुरात. मालवणच्या समुद्रात सहा-सात मीटर खाली प्रवाळ बघत तरंगणाऱ्या माणसाच्या पाठीवर जी वस्तू असते, तिच्यावर हुकूम समुद्रापासून इतक्या लांबच्या शहरातून चालतो. मला याची दरवेळी गंमत वाटते.

आता काकांच्या हरकतीतला दम बघू. हवा जळत नाही, कबूल. पण हिशेब करा. बारा लिटरची टाकी, आत २०० बार दाब. म्हणजे मोकळ्या हवेत पसरली तर २,४०० लिटर होईल एवढी हवा. गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या आणि वर थोडी, एवढी सगळी हवा दोन फुटांच्या नळकांड्यात. ते नळकांडं एका झटक्यात फाटलं तर बाहेर पडणारी ऊर्जा साधारण शंभर ग्रॅम टीएनटीइतकी भरते. शंभर ग्रॅम टीएनटी काय करतं, हे मी काकांना सांगायची गरज नाही. १९३८च्या त्या कारकुनाला पदार्थविज्ञान येत होतं.

या सगळ्या लेखमालेत मी तुम्हाला नियमांची बरीच जंत्री सांगितली. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७चं. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१चं, त्यातली नोंदणी. यातलं बहुतेक सगळं कागदावर असतं. कागद टेबलाच्या खणात असतो आणि खणाची किल्ली ज्याच्याकडे असते तो नेमका बाजारात गेलेला असतो. पर्यटकाने काय तपासायचं? टाकी मात्र स्वतःचा दाखला स्वतःच्या अंगावर घेऊन फिरते. मानेखालचा उतार, ज्याला खांदा म्हणतात, तिथे अक्षरं ठोकलेली असतात. रंगवलेली नव्हेत, ठोकलेली. रंगाचे चार थर चढले तरी बोटाला लागतात. बनवणाऱ्याची खूण, टाकीचा क्रमांक, कोणत्या मानकानुसार बनवली ते, रिकामं वजन, पाण्याच्या मापाने क्षमता, कामाचा दाब, चाचणीचा दाब आणि शेवटच्या चाचणीची तारीख. शेजारी तपासनिसाचा शिक्का. परदेशातून हौसेने आणलेली टाकी कितीही चकचकीत असली तरी पेसोची मान्यता नसेल, तर इथे ती भरता येत नाही.

एक घोळ टाळा. घरच्या गॅसच्या सिलिंडरवर, वरच्या कडीच्या पट्टीवर आतून, ‘ए’, ‘बी’, ‘सी’, ‘डी’ यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ती पुढच्या चाचणीची मुदत असते. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, असं तिमाहीनं पुढे. हवेच्या टाकीवरची तारीख मागची असते, झालेल्या चाचणीची. पुढचा हिशेब आपण करायचा. मालवणात एका पुणेरी कुटुंबप्रमुखाला मी तीन वर्षांपूर्वीच्या तारखेवरून ‘ही एक्स्पायर झालीय’ म्हणून भांडताना बघितलंय. बिचाऱ्या टाकीची मुदत चांगली शिल्लक होती.

चाचणी म्हणजे काय, हे समजायला मालवणला जायला नको. खडकी स्टेशनबाहेरच्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा. सीएनजीची टाकीही याच नियमांखाली येते आणि तिच्यातही २०० बारच भरतात. तिची चाचणी दर तीन वर्षांनी. मागच्या आठवड्यात मी रिक्षात बसल्या बसल्या विषय काढला, तर तो म्हणाला, “हायड्रो संपली ना साहेब, की पंपावर नळी लावत नाहीत. दिवसाचा धंदा बसतो.” आयुष्यात समुद्रात पाऊल न घातलेला हा माणूस टाकीचा कायदा बहुतेक स्कूबावाल्यांहून चोख पाळतो, कारण भरणारा माणूस नाही म्हणतो. सगळ्या व्यवस्थेची कळ तिथे आहे. वापरणाऱ्याची शिस्त असो वा नसो, भरणाऱ्याने नळी लावली नाही की टाकी हे नुसतं लोखंड.

हायड्रो म्हणजे हायड्रोस्टॅटिक चाचणी. टाकी पाण्याने पूर्ण भरतात, पाण्याच्याच एका बंद पिंपात ठेवतात आणि कामाच्या दाबाच्या दीडपट किंवा त्याहून थोडा जास्त दाब देतात. टाकी फुगते, डोळ्याला दिसत नाही, पण पिंपातून बाहेर ढकललेल्या पाण्यावरून मोजता येते. दाब काढला की ती पुन्हा आक्रसते. पूर्ण आक्रसली नाही, तर जेवढी फुगलेली राहिली तो कायमचा ताण. तो एकूण फुगण्याच्या दहा टक्क्यांच्या आत असला तर टाकी पास. धातू थकला की ताणल्यावर परत येत नाही, जुन्या लेंग्याच्या नाडीसारखा. आणि पाणीच का? पाणी जवळजवळ दबत नाही. त्यामुळे चाचणीत टाकी फुटलीच, तर फट्‌ आवाज होतो, थोडं पाणी सांडतं आणि संपतं. हीच चाचणी हवेने केली, तर चाचणी करणाऱ्यासाठी आणखी एक लेखमाला लिहावी लागेल.

नापास टाकीचं काय? हा नियम माझा आवडता. ती चेपून सपाट करायची, किंवा कापून असे तुकडे करायचे की ते पुन्हा जोडून टाकी बनवता येणार नाही. नुसतं ‘नष्ट करावी’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ज्याने हे लिहिलं, त्याने बहुधा आपल्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात एक चक्कर मारली असावी.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं आहे त्यांच्याकडे येतो. पर्यटकाच्या पाठीवर टाकी वीस मिनिटं असते, तीही पाण्यात. टाकी भरणारा पोरगा तिच्याशेजारी दिवसभर उभा असतो, पत्र्याच्या शेडमध्ये. भरताना टाकी तापते. दाबून कोंडलेली हवा तापणारच, सायकलच्या पंपाचं टोक तापतं तसं. पन्नास अंशांवर काटा २०० दाखवतो, टाकी निवल्यावर तोच १८५च्या आसपास येतो. मग पर्यटक कुरकुरतात, मालक म्हणतो ‘थोडी जास्तच भर’. सावकाश भरली तर हा खेळ होत नाही. पण मे महिन्यात मालवणात सावकाश काहीच होत नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी सकाळी सातला पोचलो. बोट तयार, माणसं तयार, टाक्यांचा पत्ता नाही. विचारलं तर उत्तर आलं, “हवा भरूक गेलो हा.” अर्ध्या तासाने तो आला. स्कूटरवर. पायाशी एक टाकी, मागे बसलेल्याच्या मांडीवर दुसरी. मागे बसलेल्याला मिसरूडही फुटलेलं नव्हतं. नियमांत लिहिलंय की भरलेलं सिलिंडर सायकलवरून किंवा कुठल्याही दुचाकीवरून नेऊ नये. असंही लिहिलंय की अठरा वर्षांखालच्या मुलाला आणि प्यायलेल्या माणसाला सिलिंडरच्या चढ-उताराला किंवा वाहतुकीला लावू नये. एका स्कूटरवर दोन कलमं बसली होती. प्यायलेला मात्र कुणी नव्हता, एवढं सांगितलं पाहिजे. मीही त्या दिवशी गप्प बसून पाण्यात उतरलो. हे आता लिहितोय, तेव्हा बोलायला हवं होतं.

टाकीत हवा कोणती जाते, हे टाकीच्या खांद्यावर लिहिलेलं नसतं. इथे सगळी भिस्त कॉम्प्रेसरवर आणि तो चालवणाऱ्यावर. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर आणि श्वासाच्या हवेचा कॉम्प्रेसर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. दुसऱ्यात तेल, ओल आणि वास गाळणारी नळकांडी असतात आणि ती ठरावीक तासांनी बदलावी लागतात. त्याहून साधी गोष्ट म्हणजे हवा ओढणारं तोंड कुठे आहे. ते डिझेल इंजिनाच्या धुराच्या बाजूला असलं, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड टाकीत जातो. त्याला ना रंग ना वास. युरोपच्या मानकात श्वासाच्या हवेत तो दहा लाखांत पाच भागांपर्यंतच चालतो. एवढी काटेकोर मर्यादा कशासाठी, तर दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो आणि टाकीतल्या प्रत्येक विषाचा जोरही दुप्पट. म्हणून मी कुठल्याही नव्या ठिकाणी गेलो की आधी बोट बघत नाही, शेड बघतो. वारा कुठून येतोय आणि ते तोंड कुठल्या दिशेला आहे. मालक मला वेडा समजतात. भरणारी पोरं समजत नाहीत. ती मला काय काय दाखवतात, ते छापण्याजोगं नाही.

अजून एक खास पोलादी टाकीचं. आत ओल राहिली आणि भरलेली टाकी महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडली, तर गंज आतला प्राणवायू खातो. काटा दाब दाखवतो, पण हवा श्वासाच्या लायकीची राहिलेली नसते. म्हणून टाकी कधी पूर्ण रिकामी करत नाहीत. थोडा दाब ठेवतात, म्हणजे पाणी आत शिरत नाही. पावसाळ्यात मालवणचा धंदा बंद असतो. दिवाळीआधी पहिली टाकी ज्याच्या वाट्याला येते, त्याने ती कधी भरलीय हे जरूर विचारावं.

एवढं सगळं पत्राने उत्तर देण्यापेक्षा मी काकांना घरीच बोलावलं. माझी स्वतःची एक जुनी ॲल्युमिनियमची टाकी जिन्याखाली असते. तिला पावसाळ्यात छत्री टेकवलेली असते. काका चष्मा काढून जमिनीवर बसले. त्यांनी खांद्यावरून अंगठा फिरवला आणि पेपर वाचावा तशी अक्षरं वाचली. क्रमांक, वजन, दाब. मग थांबले, पुन्हा एकदा अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, “साहेब, लेख छान लिहिता. पण हिची चाचणी होऊन सात वर्षं झाली. आत दाब आहे का?”

होता. साठ बार. आम्ही दोघांनी ती अंगणात नेली आणि झडप जरा जरा उघडून वीस मिनिटं सोडत बसलो. काका तोवर फॅक्टरीतल्या गोष्टी सांगत होते, त्यातल्या निम्म्या इथे लिहिता येणार नाहीत. दुरुस्ती छापायची मागणी त्यांनी मागे घेतली आहे.

बोट पुढच्या आठवड्यात. आणि ज्या दोघांनी विचारलंय की सकाळी डाइव्ह करून त्याच दिवशी आंबोली घाट चढून पुण्याला यावं का, त्यांना थोडं थांबावं लागेल. त्याचं उत्तर घाटाच्या उंचीत आहे आणि ते मोठं आहे.