मोटारीचीं पादत्राणें

वहाणेचा तळ झिजला कीं आपण नवी वहाण घेतों. परंतु ज्या चार टायरांवर आपलें सारें कुटुंब भरवेगानें प्रवास करतें, त्यांच्या तळाकडे वांकून पाहण्याची तसदी आपण क्वचितच घेतों. गोंदिया जिल्ह्यांत तर ही हयगय विशेषच महाग पडण्यासारखी आहे. कोहमारा व देवरी येथून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ अवजड मालमोटारींनीं गजबजलेला असतो. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. आणि पावसाळ्यांत या भाताच्या मुलखांत पाण्याची झोड उठते. ऊन व पाणी हे दोघेही टायराचे कठोर परीक्षक होत.

टायरांत हवा कमी असली म्हणजे प्रत्येक फेऱ्यागणिक त्याच्या बाजू अधिक दुमडतात, आंत उष्णता सांचते, आणि अखेर रबर व धाग्यांचे थर विलग होऊन तो फुटतो. पावसांत भय निराळें. तळावरील खांचा पाणी बाहेर लोटतात. त्या उथळ झाल्या म्हणजे चाक पाण्याच्या थरावर तरंगूं लागतें, आणि मग ब्रेक व सुकाणूं दोन्ही व्यर्थ होतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार मोटारीच्या टायराची खांच निदान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. तें पाहण्यास यंत्र नको. खांचांच्या तळाशीं लहान उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. ते तळाच्या पातळीस आले कीं टायराचें आयुष्य सरलें. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, मध्यभाग झिजला असेल तर हवा जास्त, व एकच कड झिजली असेल तर चाकांचा मेळ बिघडला, असें बहुधा समजावें. बाजूवर भेग किंवा फुगवटा दिसल्यास तो टायर काढावा. वापर अल्प असला तरी रबर म्हातारें होतेंच; यासाठीं बाजूवरील चार आंकडे वाचावे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा.

हवा मोजावी ती प्रवासापूर्वीं, टायर थंड असतां. तिचें प्रमाण बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलें असतें. वाटेंत तापलेल्या टायरांतील हवा वाढलेली दिसली, म्हणून ती सोडूं नये. थंड झाल्यावर ती कमी पडते.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं संपूर्ण खुला झाला. तेथें मोटारींना ताशीं १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. याच मार्गावर २०२३ सालीं परिवहन अधिकाऱ्यांनीं झिजल्या टायरांच्या गाड्या प्रवेशद्वारांवरूनच परत पाठविण्यास आरंभ केला. गोंदियाहून निघणाऱ्या कुटुंबानें ही तपासणी आपल्या अंगणांतच करणें अधिक शहाणपणाचें नव्हे काय?

प्रवासास निघतांना हातावर दहीं घालण्याची आपली चाल आहे. ती खुशाल पाळावी; मात्र त्याआधीं मोटारीभोंवतीं एक प्रदक्षिणा घालावी, आणि पांचव्या, म्हणजे राखीव, चाकासही विसरूं नये.