विंचू चावला, आघाडा लावू का?

हसनाबादच्या बांधावर आघाडा दिसला की आजी म्हणायची, "याचा पाला विंचवावर चालतो." मग विष खरंच उतरतं का? बऱ्याच विंचवांचा डंख नुसता दुखतो. कळ आपोआप ओसरते आणि श्रेय पाल्याला जातं!

पण लाल विंचवाचं विष हृदयावर घाव घालतं. दरदरून घाम, उलटी, हातपाय गार, ही त्याची खूण. आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडकडे अशा रुग्णांना प्राझोसिन दिलं. हे औषध आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करतं. मृत्यू झपाट्याने घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणून सांगतो, आघाडा गणपतीच्या पत्रीत ठेवा. विंचू चावला तर पाला वाटत बसू नका, लगेच १०८ लावा.