रानाला लावलेली आग : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या आग्नेय भागात, जॉर्जियातील थॉमसव्हिल हे गाव आणि फ्लोरिडाची राजधानी टॅलाहॅसी यांच्या दरम्यान, रेड हिल्स या नावाने ओळखला जाणारा तांबड्या मातीचा जो मुलूख पसरलेला आहे, तेथील बरेचसे रान खाजगी मालकीचे असून, त्याचे मालक दरवर्षी हिवाळा सरता सरता आपल्याच जमिनीच्या मोठ्या भागाला आपण होऊन आग लावतात, आणि त्यामागे रानातील पशुपक्षी वाढावेत हाच त्यांचा हेतू असतो. सह्याद्रीच्या उतारांवर फाल्गुन-चैत्रात रात्रभर सरकत जाणाऱ्या वणव्याच्या रांगा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे ऐकून प्रथम अविश्वास आणि मागाहून संताप वाटावा हे स्वाभाविक आहे. परंतु ज्या समजुतींवर हा संताप उभा असतो, त्यांतील काही सर्वस्वी चुकीच्या आहेत, काही अर्ध्याच खऱ्या आहेत, आणि एक मात्र पूर्णपणे खरी आहे.

आग लागली म्हणजे अरण्य संपले, ही सर्वांत रूढ समजूत. लॉंगलीफ पाइन या वृक्षाची अरण्ये एके काळी व्हर्जिनियापासून पूर्व टेक्सासपर्यंत सुमारे 9 कोटी एकरांवर पसरलेली होती, आणि उन्हाळ्याच्या आरंभी कोसळणाऱ्या विजांनी व तेथील मूळ रहिवाशांनी लावलेल्या आगींनी ती दर दोन-चार वर्षांनी जळत आलेली होती. या झाडाचे रोप पहिली काही वर्षे उंच वाढतच नाही. जमिनीलगत गवताच्या झुबक्यासारखे बसून ते आपली सारी शक्ती सोटमूळ खोल नेण्यात खर्च करते. अशा रोपापाशी वाकून पाहिले, तर लांब हिरव्या सुयांच्या दाटीत मध्यभागी रुपेरी-पांढरा जाड कोंब दिसतो. आग वरून जाते तेव्हा बाहेरच्या सुया होरपळतात, पण त्यांच्यातील ओलाव्यामुळे आतला कोंब वाचतो आणि थोड्याच आठवड्यांत तेथूनच नव्या सुया फुटतात. सुयांवर पडणारा बुरशीचा रोगही त्या जळण्याने आटोक्यात येतो; शिवाय या वृक्षाचे बी रुजण्यास जी उघडी माती लागते, ती वाळक्या गवताचा व सुयांचा थर जळल्यावरच सहजी मिळते. उलट आग बंद केली, की ओक आणि स्वीटगमसारखी रुंद पानांची झाडे दाटतात, खाली सावली पडते, वायरग्रास नावाचे गवत विरळ होत जाते, आणि पाहता पाहता रानाची जात बदलते. तोड, शेती व दुसऱ्या जातीच्या पाइनची लागवड या कारणांबरोबरच आगीचा अभाव हेही एक कारण होऊन, विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या 9 कोटींपैकी जेमतेम 30 लाख एकर शिल्लक उरले होते.

आगीचा हा अभाव आपोआप घडला नव्हता, तो प्रयत्नपूर्वक घडवून आणलेला होता. 1920 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन फॉरेस्ट्री असोसिएशनने दक्षिणेतील खेडोपाडी प्रचारकांच्या मोटारी धाडल्या, त्यांतून चित्रपट दाखविले, आणि रान जाळणे हे अज्ञानाचे लक्षण होय असे लहानथोरांच्या मनावर बिंबविले. पुढे 1944 मध्ये स्मोकी बेअर नावाचे अस्वल सरकारी जाहिरातींत अवतरले आणि तो उपदेश देशभर पोहोचला. ही मोहीम सुरू होण्याच्या थोडे आधी, 1924 साली, रेड हिल्समधील शिकारीचे शौकीन जमीनमालक बॉबव्हाइट हा लाव्यासारखा पक्षी का घटत आहे या चिंतेत असताना, त्यांच्या पैशाने सुरू झालेल्या चौकशीसाठी सरकारी जीवसर्वेक्षण खात्याने हर्बर्ट स्टॉडर्ड यांना तेथे पाठविले. काही वर्षे रान पायाखाली घातल्यावर स्टॉडर्ड यांनी 1931 च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, योग्य वेळी लावलेली आग या पक्ष्याला हितावह आहे. ज्या सरकारचा एक विभाग आगीविरुद्ध मोहीम चालवीत होता, त्याच सरकारच्या सेवेतील माणसाने हे लिहिण्यास किती धैर्य लागले असेल, याची कल्पना करता येते. मला तरी निसर्गाभ्यासाच्या इतिहासातील हा प्रसंग फार आदरणीय वाटतो. त्यांच्याच सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने 1958 मध्ये टॅलाहॅसीजवळ टॉल टिंबर्स ही संशोधन संस्था उभी राहिली, आणि 1962 पासून तेथे अग्नी व परिसर या विषयावर परिषदा भरू लागल्या.

आगीत मुके जीव होरपळून मरतात, ही समजूत अर्धी खरी आहे. काही कीटक, काही सरडे व बेडूक मरतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि माती उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे, गवताची आग झपाट्याने पुढे सरकली तर काही बोटे खोलीवर तापमान फारसे चढत नाही, आणि ज्याला बीळ आहे तो तगतो. तेथील गोफर जातीचे कासव सुमारे 15 फूट लांबीचे बीळ खणते. त्या बिळांत साप, बेडूक, उंदीर व किडे मिळून साडेतीनशेहून अधिक जातींचे जीव आसरा घेतात, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. पक्ष्यांच्या बाबतीत मुहूर्त महत्त्वाचा. बॉबव्हाइट मुख्यतः एप्रिलनंतर घरटी घालतो, म्हणून बहुतेक मालक त्यापूर्वी जाळून घेतात. शिवाय सबंध रान एकदम न जाळता तुकड्यातुकड्यांनी, साधारण निम्मे यंदा आणि निम्मे पुढल्या साली, असे जाळतात, म्हणजे जळल्या तुकड्याशेजारी दडण्यापुरते गवत राहतेच. अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू अंगठ्याएवढे असते आणि दाट पाचोळ्यातून त्याला चालता येत नाही. त्याला पायाखाली मोकळी जमीन, डोक्यावर झाडोऱ्याचे छत्र आणि चोचीच्या टप्प्यात किडे हवे असतात, आणि जळून पुन्हा फुटलेल्या रानात हे तिन्ही एकत्र सापडतात. जिवंत पाइनच्या खोडात ढोल कोरणारा रेड-कॉकेडेड जातीचा सुतारपक्षी तर, खालची झाडी ढोलीच्या उंचीला पोहोचली की ते ठिकाण सोडूनच देतो.

काडी ओढली की काम झाले, असे ज्यांना वाटते त्यांनी या कामाचा जाबता एकदा नजरेखालून घालावा. कोणता तुकडा, कोणत्या हेतूने, किती आर्द्रतेत, कोणत्या वाऱ्यात आणि किती माणसांनिशी जाळावयाचा, हे आधी लेखी ठरते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण 30 ते 55 टक्के असावी, वारा एकाच दिशेने टिकून राहणारा असावा, आणि धूर वर चढून पांगेल अशी हवा असावी, असा दंडक आहे. तुकड्याभोवती नांगराने मातीची जाळरेषा काढतात. प्रथम एका कोपऱ्यात हातभर आग लावून ती कशी वागते ते पाहतात, आणि मगच डिझेल-पेट्रोलच्या मिश्रणाचे जळते थेंब सोडणारी ड्रिप टॉर्च घेऊन, वारा ज्या कडेकडे वाहतो त्या कडेपासून आरंभ करतात, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत हळूहळू मागे सरकते. अशा आगीची ज्वाला बहुधा गुडघ्याच्या खालीच राहते. आग संपल्यावरही धुमसती खोडे विझविण्यासाठी माणसे थांबतात. फ्लोरिडात या साऱ्याला 1990 च्या कायद्याचा आधार आहे; प्रमाणपत्रधारक माणसाने लेखी योजनेनुसार व त्या दिवसाची परवानगी घेऊन रान जाळणे हा मालकाचा हक्क मानला जातो, आणि त्या राज्यात दरसाल सुमारे 20 लाख एकरांवर असे दहन होते.

रेड-कॉकेडेड सुतारपक्ष्यासारखा दुर्मीळ पक्षी आपल्या जमिनीवर आला तर सरकार जमीन अडकवून ठेवील, या भीतीने कित्येक मालक रान सुधारण्याचेच टाळीत. ही भीती निराधार नव्हती. 1995 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात, रान सुधारणाऱ्या मालकावर नव्याने आलेल्या पक्ष्यांपायी जादा बंधने लादली जाणार नाहीत, असा लेखी करार सुरू झाला तेव्हा कोठे ती ओसरू लागली. 1970 पासून नामशेष होण्याचा धोका असलेल्या जातींच्या यादीत असलेला तो सुतारपक्षी 2024 मध्ये कमी धोक्याच्या वर्गात आणला गेला, त्यात या करारांचा व दहनाचा वाटा आहे.

आता पूर्ण खरी समजूत. लावलेली आग हाताबाहेर जाऊ शकते. 2000 साली न्यू मेक्सिकोत सरकारी दहनातून निसटलेल्या आगीने लॉस अलामोस गावातील 200 हून अधिक घरे गिळली. 2022 मध्ये त्याच राज्यात सरकारी वनांतील अशाच दहनांतून उठलेला वणवा सुमारे 3,41,000 एकरांवर पसरला. रात्री दरीत साचणारा धूर धुक्यात मिसळून रस्त्यावरच्या वाहनचालकांना आंधळे करतो, आणि त्यातून माणसे मेलेली आहेत. बहुसंख्य दहने सुरळीत पार पडतात ही गोष्ट खरी असली, तरी तिने या घटना पुसल्या जात नाहीत.

सबब, हे वाचून आपणही डोंगर पेटवावा असा कौल कोणी घेऊ नये. जे लॉंगलीफला मानवते ते पश्चिम घाटातील पातळ सालीच्या सदाहरित वृक्षांना मानवेलच असे नाही, आणि पुढच्या साली गवत जोमाने यावे म्हणून किंवा मोहाची फुले वेचण्यास सोपे जावे म्हणून भर उन्हाळ्यात लावलेल्या आगीमागे ना लेखी योजना असते, ना जाळरेषा, ना विझविणारा माणूस. त्याच दिवसांत टिटवीची अंडी उघड्या माळावर पडलेली असतात. आपले वनखाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढते, ती वणवा अडविण्यासाठी. राखीव वनात आग लावणे हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 अन्वये गुन्हा आहे. डोंगरावर धूर दिसला, तर महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर तत्काळ कळवावे.