उसावरून धावणारी बोट

पावसाळ्यात शिराळा तालुक्याला नदीची तब्येत पुलांवरून कळते. कोकरूड-रेठरे पूल गेला, मांगले-काखे पुलाला पाणी लागलं, असे निरोप फिरू लागले की वारणेकाठच्या चरण, आरळा, सागावात जनावरं वरच्या अंगाला हलवायची लगबग सुरू होते. नदीच्या अलीकडे सांगली जिल्हा, पलीकडे कोल्हापूर. वर चांदोलीत ३४.४० टीएमसीचं धरण, खाली हरिपूरला कृष्णेशी संगम. धरण भरत आलेलं असताना डोंगरातला पाऊस थांबला नाही, तर दरवाजे उघडण्यावाचून इलाज नसतो. त्यात खाली कृष्णा तुडुंब असली की वारणेचं पाणी पुढे सरकत नाही, ते शिवारात पसरतं.

अशा पाण्यात गुऱ्हाळावरची काहिल उतरवायची या भागाची जुनी सवय. रस आटवायची ती पसरट कढई माणसांसकट छान तरंगते. पण तिला ना नाक ना शेपूट, त्यामुळे धारेत सापडली की ती गरगर फिरते आणि एका कडेने पाणी आत आलं की सगळीच बुडते.

रबरी बचाव बोटीची सगळी करामत याच दोन दोषांवरचा उपाय आहे. जाड नायलॉनच्या कापडावर कृत्रिम रबराचा थर, दोन्ही बाजूंना हवेच्या जाड नळ्या, आणि नळ्यांच्या आत पडदे घालून पाडलेले स्वतंत्र कप्पे. एक कप्पा फाटला तरी बाकीचे बोट वर धरून ठेवतात. तळाला ॲल्युमिनियमच्या किंवा प्लायच्या फळ्या, मागे एक भक्कम आडवी फळी, आणि तिच्यावर इंजिन. हवा काढली की बोटीची घडी होते, ती ट्रकमध्ये मावते, आणि पुराच्या काठावर पंपाने फुगवून काही मिनिटांत पाण्यात लोटता येते. नौदलात तिला जेमिनी म्हणतात.

तिचं कूळ लढाईचंच. फ्रान्समधल्या झोडियाक कंपनीच्या पिएर देब्रूतेल या अभियंत्याने १९३०च्या दशकात तिथल्या नौदलासाठी अशी फुगवायची बोट बनवली. १९५२मध्ये अलँ बोंबार नावाचा डॉक्टर तशाच बोटीतून, शीड लावून, कॅनरी बेटांवरून ६५ दिवसांत बार्बाडोसला पोचला. अटलांटिक पार करणारी ही चीज वारणेला काय भिणार, असं कुणालाही वाटेल.

पण अटलांटिकमध्ये ऊस नसतो.

इथली बोट नदीतून कमी आणि शेतातून, रस्त्यावरून, गल्लीतून जास्त धावते. वरून सगळं सपाट तपकिरी पाणी, आणि हातभर खाली उसाचे शेंडे, द्राक्षबागेच्या तारा, काटेरी कुंपण, विहिरीचा कठडा, उभी राहिलेली ट्रॉली. वीजवाहिन्या एरवी डोक्यावर उंच असतात. पाणी चढलं की बोटीतल्या माणसाच्या कपाळाशी येतात. म्हणून आधी वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री आणि मगच बोट, असा क्रम पाळावा लागतो. नाकाशी बसलेला जवान बांबूने तळ चाचपत राहतो. चालवणाऱ्याची नजर त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर. ऊस लागला की इंजिन तिरकं उचलायचं आणि वल्ही मारायची.

घराशी बोट लावायची ती शक्यतो खालच्या अंगाने येऊन, नाक धारेच्या तोंडावर धरून. म्हणजे इंजिन बंद पडलंच तर पाणी बोटीला भिंतीवर आपटत नाही, मागे सरकवतं. माणसं चढताना पंखा थांबलेला हवा. चालवणाऱ्याच्या मनगटाला एक दोरी असते. तो पाण्यात पडला की दोरी निघते आणि इंजिन आपोआप बंद होतं. ही वीतभर दोरी बचाव बोटीवरचा सगळ्यात स्वस्त आणि कदाचित सगळ्यात शहाणा भाग असावा.

२०१९चा पूर या यंत्राची मोठी परीक्षा होती. ५ ऑगस्टला नागपंचमी होती, शिराळ्याचा वर्षाचा सण. त्याच आठवड्यात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. लष्कर, नौदल, तटरक्षक दल, एनडीआरएफ, सगळे आले. एनडीआरएफची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला असते; म्हणजे बोटीला पाण्यात उतरण्याआधी महामार्गाने दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. त्या पुरात पुणे-बंगळूर महामार्गच कोल्हापूरजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद होता.

आणि ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ घडलं. बोट गावाचीच होती, माणसंही गावचीच. क्षमतेपेक्षा जास्त जण बसले होते. बोट उलटली, १७ जीव गेले. बाहेरची पथकं पोचण्याआधी जे हाताशी होतं त्यावर लोकांनी भरवसा ठेवला, यात त्यांची चूक काढणं सोपं आहे. दाराशी पाणी चढत असताना ‘पुढच्या फेरीला या’ हे आपल्याच चुलत्याला सांगणारा माणूस मात्र कुठल्या खरेदीत मिळत नाही. परक्या जवानाचं लोक ऐकतात, कारण तो परका असतो.

त्यानंतर पूरपट्ट्यातल्या गावांना यांत्रिक बोटी देण्यावर भर आला, आणि पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी सांगली-कोल्हापुरात आधीच आणून ठेवायची पद्धत रुळली. २०२१च्या जुलैत आयर्विन पुलापाशी पाणी पुन्हा ५४ फुटांच्या वर गेलं, तेव्हा त्याचा उपयोग झाला. बोटीतून उतरवलेला रुग्ण कोरड्या रस्त्यावरच्या १०८ रुग्णवाहिकेत जातो, हीही साखळी आता ओळखीची झाली आहे. ती सेवा राज्यात २०१४पासून आहे.

खरी मेख गावच्या बोटीची आहे. तिचं पूजन होतं, नारळ फुटतो, फोटो निघतो. मग अकरा महिने ती कुठल्याशा खोलीत पडून असते. जुनं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकट होऊन बसतं, उंदीर रबर कुरतडतात, आणि इंजिन शिकलेला पोरगा कामासाठी पुण्याला गेलेला असतो. खरेदीच्या कागदावर बोटींची संख्या येते. ती वर्षात किती तास पाण्यात होती, हा रकाना नसतो.

तो रकाना भरायला फार लागत नाही. नदीवर जायचीही गरज नाही. पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात इंजिनाचा पाय बुडवायचा आणि चालू करून मागच्या बारीक भोकाकडे बघायचं. तिथून पाण्याची धार जोरात आली, तर इंजिन गार ठेवणारा पंप ठीक आहे. धार मंद असेल तर आतलं रबरी चक्र झिजलेलं असतं किंवा वाटेत गाळ बसलेला असतो. पुरात केंदाळ ओढलं की असं इंजिन तापून बंद पडणारच. चक्र बदलायला पान्यांचा संच आणि एक दुपार पुरते. हे काम मे महिन्यात उरकायचं असतं.